अक्षदाची वाट

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची डोंबिवलीला! माझ्या लेकाने, साईनाथने, मानपाड्याला नवं घर घेतलंय. चौदावा मजला. खालची माणसं हरभऱ्याएवढी दिसतात. मला खोली मिळाली ती नातीची, कारण आमची अक्षदा आज सायकलवर बसली. काश्मीरहून थेट कन्याकुमारी, तीही एकटी! आमच्या वेळी मी माहेराहून सासरी चार कोस चालत आले तर गावभर चर्चा झाली होती. पोरगी माझ्यासाठी ही वही ठेवून गेलीय. वर चिठ्ठी, आजी, मी रस्ता कापते, तू घरचं लिही. माझी चौथी झालीय, तीपण मास्तर मामा होता म्हणून. चुका दिसल्या तर हसायचं नाही.

७ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आज गुडघा सुजलाय म्हणाली, तोंड एवढंसं झालेलं. मी फोनवरूनच तिच्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलावर कडाकड दहा बोटं मोडली आणि म्हटलं, तुझ्या वाटेवरची सगळी पीडा माझ्यावर येऊ दे. ती म्हणते, आजी, हळू गं, स्क्रीन तडकेल! सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. पीडा टळो म्हणावं, अंगावर ओढून घेऊ नये, असं त्यांचं. पण नातीसाठी नुसतं टळो म्हणून कोण हात झटकतं?

९ नोव्हेंबर
तिचा गुडघा बरा! माझा सुजलाय. मला तर हसूच येतं. सून विनिता ठाण्याला ऑफिसात जाताना मलम चोळून गेली, म्हणाली गार फरशीने झालं असेल. असू दे बाई. मी रोज बोटं मोडते. पोर दिवसाला शंभर किलोमीटर कापते आणि म्हणते, आजी, दमायलाच होत नाही.

१८ नोव्हेंबर
माझे हात मनगटापर्यंत उन्हाने रापलेत, बाहीची रेघ उठलीय. आठ दिवसांत मी खाली उतरले नाही. पोटरीवर सायकलच्या चेनचं काळं ग्रीस, साबणाने जाईना. साईनाथ विचारतो, आई, तू गॅरेजात कामाला लागलीस का?

२३ नोव्हेंबर
अक्षदा हसत सांगत होती, पण ओठ कोरडे. मध्य प्रदेशात जंगलाच्या रस्त्यापासून एक माणूस मागे लागलाय. डोक्यावरून घोंगडी, पाय अनवाणी. नुसता चालतो. ही सायकल हाणते, चहाला थांबते, की तो मागून येतोच. तीन दिवस झाले. तीनशे किलोमीटर. पोलिसांना सांगितलं, त्यांना कोणी दिसला नाही.
मी पुढचं ऐकलंच नाही. दहाही बोटं मोडली. तोपण माझ्यावर.

२४ नोव्हेंबर
गेला म्हणे! पोरगी गाणी म्हणत होती.
दुपारी मी घरात एकटी होते. पॅसेजमध्ये अनवाणी पावलं वाजली. सावकाश. दमलेली नव्हती.

२९ नोव्हेंबर
चालतोच. हॉल, स्वयंपाकघर, माझी खोली, परत हॉल. लेक-सुनेला तो दिसत नाही. फरशीवरची माती दिसते, मग मलाच सांगतात, आई, चपला बाहेर काढत जा.
गावी जाते म्हटलं. साईनाथ मला कल्याणला एसटीत बसवायला निघाला. रिक्षा पळत होती, तो बाजूने चालत होता. सिग्नलला आमच्या पुढे उभा. मी म्हटलं, परत फिरव रे बाबा.

२ डिसेंबर
मीठ-मोहऱ्या ओवाळून गॅसवर जाळल्या. गेला! घर कसं शांत. पोटभर जेवले.
संध्याकाळी अक्षदा रडत होती. तो आलाय परत. या वेळी हँडल धरलं म्हणे.
मोडली बोटं. पुन्हा मोडली.
आला. इथे.

९ डिसेंबर
घशात रस्त्याची धूळ. आवाज फुटत नाही. विनिता म्हणते डॉक्टरकडे चला. कशी जाऊ — हाकलला तर पोरीकडे जातो — चारच दिवस. पोचू दे तिला.

१३ डिसेंबर
पोचली. फोनवर समुद्र दाखवला. मी हसले, बोटं मोडली.
तो थांबला. वीस दिवसांत घरात पहिल्यांदा. माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता.

१५ डिसेंबर
सकाळपासून दाराशी बसलाय. चालत नाही. विनिता त्याला ओलांडून कामाला गेली, तिला काही कळलं नाही.
आज अक्षदा विमानाने येतेय. आत्ता समजलं मला. त्याला तिचा रस्ता माहीत होता, घर माहीत नव्हतं. मी घर दाखवलं —

लिफ्ट वाजली. आजी, आजी, आले गं — तिचाच आवाज. ओरडता येत नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवते.

अक्षे, आत येऊ नको. किल्ली लावू नको. उलट्या पावली फिर, बापाकडे ऑफिसात जा, इथे —

त्याने पाय आखडून मला दारापर्यंत वाट दिली. का दिली —

आतून कडी घातलीय मी. पोरी पळ. तो उठला, कडीला हात —