ताईचा वरचा सूर

रविवार, संध्याकाळ. सोनाळा.

खांदा ठणकतोय, म्हणून आज ताईच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाला मोठं अकॉर्डियन नेलंच नाही. डाव्या हाताची बटणं मी कधी दाबत नाही, पण वजन त्यांचंही असतंच ना! लहान, हलकं नेलं. त्याला पट्ट्या कमी, हे बोटांना कोण सांगणार? ताईचा वरचा सूर आला आणि माझी करंगळी सवयीनं शेवटच्या पट्टीच्याही पुढं, नुसत्या लाकडावर पडली. ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि ओळ खालच्या सुरात गायली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर माफी मागायला गेलो तर म्हणते, “बरं झालं बाप्पा! तो सूर मले आता लागतच नाई. तू वाजवतो म्हून गळा ताणून राह्यली होती.”

आणि मी? त्या एका पट्टीसाठीच तर ते धूड इतकी वर्षं खांद्यावर वागवलं.