कय्यूममामाच्या बहिणी

नेपाळ, वरचा डोंगर
१० नोव्हेंबर

ती. आईस दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

मंडळाची मदत घेऊन पोचलो एकदाचे. हातपाय जागच्या जागी आहेत, सर्दी तेवढी झाली. इथं मोबाईलले रेंज नाही. जीपवाला खालच्या बाजारात जाईल तेव्हा या पत्राचा फोटो तुले पाठवेल. तूही लिहूनच पाठव. व्हॉइस मेसेज नको, येताना वाटेत तुझ्या शिव्या अख्ख्या जीपनं ऐकल्या.

भूकंपानं गाव पार झोपलं. एक घर उभं नाही, सारे ताडपत्रीखाली. थंडी अशी की दात वाजून-वाजून जबडा दुखते. आमच्या शेजारच्या ताडपत्रीत नुकतं जन्मलेलं बाळ आहे, त्याच्या अंगावर आजीची शाल अन् वरून पोतं. बर्फ आता कधीही पडेल म्हणतात. माझा तर जीव थाऱ्यावर नाही.

कय्यूममामानं आल्या-आल्या शाळेच्या मैदानात जनरेटरवर पिंजायची मशीन लावली. आपल्या धाड गावच्या गादी कारखान्यात बसते तसाच बसला, मिशीत रुई, भुवयांत रुई. पोट्टे त्याले बर्फातला बाबा समजून मागं-मागं फिरतात! बघता-बघता रजयांचा ढीग लागला.

अन् मग राजकुमारभाऊनं माती केली. मंडळाचा अध्यक्ष, त्याले फ्लेक्स लागतेच. चिखलीहून छापून आणलेला, वर ‘गरजूंना मदत वाटप’, मधात त्याचाच गॉगलवाला फोटो. तो बांधला दोन झाडांना, अन् रजई देताना एकेका बाईले कॅमेऱ्याकडे पाहायले लावलं. इथली लिपी आपलीच, त्यांना सारं वाचता येते, हे त्याच्या ध्यानातच नाही. गावातल्या सगळ्यात मोठ्या म्हातारीले सारे आमा म्हणतात. तिनं हातातली रजई नीट घडी करून टेबलावर ठेवली. घर पडलं, नाक नाही पडलं, असं म्हणाली. मग एकामागून एक साऱ्या बायांनी ठेवल्या. आता ढीग तिथंच अन् बाळ पोत्यातच. मामा म्हणते, रुखमाले विचार. म्हणून तुले विचारते. लवकर सांग वं माय.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया थंडीत गोठू देऊ नको.
तुझी
दीपमाला

धाड
११ नोव्हेंबर

चि. दीपमालाले रुखमाबाईचे अनेक आशीर्वाद.

आधी सुंठ खाय, मंग बाकीचं. त्या राजकुमारले काय म्हनावं! त्याच्या सोताच्या लग्नाच्या बोर्डावरबी नवरीपेक्षा त्याचंच थोबाड मोठं व्हतं. तो फ्लेक्स सोड अन् वल्ल्या जमिनीवर हातर, कामी तरी येईन.

आमानं बरोबर केलं. म्याबी ठेवली असती. पन मले सांग, कय्यूमभाऊ दर भाऊबीजेले मले उशी देते, ते मी घेते का नाई? घरात मानसं तीन अन् उशा कपाटात मावत नाईत. तुहे बाबा म्हनतात, पलंगावर मले थोडी जागा ठेव. तरी मी हक्कानं मांगते. काऊन? ओवाळनी हाय ते! भावानं ताटात टाकलेलं कोनी भीक म्हनत नाई. पंधरा तारखेले भाऊबीज हाय. तठी असते का नाई ते पुस, अन् असन तं बसव भावाले पाटावर. मिशीतली रुई झटकून बसव म्हना.

कय्यूमभाऊच्या शाहजादीभाभीले पत्र वाचून दाखवलं. तिले एकच खरी ननंद, तिनंच तिच्या नाकी नऊ आनले. आता गावभर ननंदा होनार म्हनून कपाळाले हात लावून बसली, अन् मंग पोट धरून हासली.

आमची आठवन येऊ दे, पन रडू नको.
तुही
आई

डोंगरावरूनच
१६ नोव्हेंबर

ती. आईस दीपमालाचा साष्टांग नमस्कार, अगदी लोटांगणच!

असते, आई, असते! त्याच दिवशी असते. भावाभोवती तेलाची धार सोडतात अन् कपाळावर सात रंगांचा टिळा लावतात. पण गावाले सुतक, यंदा सण नाही. मग भाऊ दारात येऊन बसला तर त्याले टिळ्याविना कसं पाठवायचं, यावर बायांचा असा कालवा झाला की मशीनचा आवाज दबला. शेवटी ठरलं, आमा लावेल तर साऱ्या लावतील.

मामा नवा पायजमा घालून पाटावर बसला. आमा आपल्या ताडपत्रीच्या तोंडाशी, पाठ करून. पलीकडच्या डोंगरावर तिचा भाऊ होता, तो भूकंपात घराखाली गेला. दरवर्षी तो यायचा. ऊन कलायले लागलं, मामाच्या पायाले मुंग्या आल्या, पण तो हलेना. मी तर सारे देव आळवले.

मग उठली म्हातारी. आली, तेल सोडलं, टिळा लावला. मामानं रजई तिच्या खांद्यावर घातली, तशी तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली अन् हंबरडा फोडला. घर पडल्यावर कसला येतोस, आधी यायचं होतं, असं म्हणून मारत राहिली. मामानं तिचे पाय धरले अन् तोही लेकरासारखा रडला.

त्यानंतर जी झुंबड उडाली! कपाळावर जागा संपली, टिळे टकलावर गेले. प्रत्येकीनं घरातलं होतं-नव्हतं ते गोडधोड तोंडात कोंबलं, मामा रात्रभर ओवा मागत होता. राजकुमारभाऊलेही एका आजीनं ओढून बसवलं. त्याच्याजवळ द्यायले काही नाही, म्हणून अंगातलं महागाचं जाकीट काढून दिलं, अन् मग कुडकुडत हासत बसला. फोटो काढायचं भानच राहिलं नाही कोणाले.

आज पहाटे बर्फ पडला. मी धावत बाळाकडे गेले. रजईत आईजवळ असं गाढ झोपलं होतं की त्याले घाम आला होता. मी बर्फात नाचले, आई!

एकच गोष्ट मनाले लागली. आमा म्हणाली, टिळा लावला खरा, पण बाईनं जायचं कुठं? माहेर तर पडलं. काय सांगू तिले?

तुझी माया अशीच ऊबदार असो.
तुझी
दीपमाला

धाड
१७ नोव्हेंबर

चि. दीपमालाले आशीर्वाद, कय्यूमभाऊले नमस्कार, अन् सांग की उशी राह्यली माही.

पत्र आलं अन् आमच्या गल्लीत गोंधळ माजला. शाहजादीभाभी अर्धं वाचून रडली अन् टकलावरच्या टिळ्याचं वाचून हासली. मले, खरं सांगते, पोटात जळलं. इतके वर्सं मी एकटी बहीन, आता मले रांगेत उभं राहा लागन. भाऊबीजेले भाऊ नाई म्हनून म्या चांदालेच ओवाळलं. मंग आमाले तं सख्खा भाऊच राह्यला नाई हे ध्यानात आलं, अन् जळनं इझलं.

शाहजादीभाभीनं आजपासून मागची खोली झाडाले काढली हाय. आमाले सांगजो, माहेर पडलं नाई. धाडले हाय, ष्ट्यांडापासून चालत. पुढच्या दिवाळीले येजो म्हना, अन् हात हालवत येजो, माहेरी काई आनाचं नसते.

भावाची माया साऱ्याइले वाटून उरली तं थोडी मलेबी ठेवजा.
तुही आई
रुखमाबाई