चुन्याचं पोतं आणि विहिरीकाठची पट्टी

मी, थॉमस बस्त्याव तुस्कानो, वय त्रेसष्ट, धंदा पेन्शन आणि कुरकुर, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, येत्या सोमवारी छातीचं ऑपरेशन असल्यामुळे आजच लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी फ्लॉसी बाजारात गेली आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक फ्लॉसीला. सोबत एक कबुली: कारखान्यातल्या क्लोरीनमुळे माझं नाक वीस वर्षांपूर्वीच गेलं. तिच्या करपलेल्या कालवणाची स्तुती त्यानंतरची आहे, तरी ती मनापासून होती.

कलम २. अमोनियाचा बोळा बांधायची काठी मुलगा रॉकी याला. ती पाइपाजवळ धरल्यावर पांढरा धूर दिसला, की क्लोरीन गळतोय असं आम्ही समजायचो. रॉकीला दुसऱ्याचे दोष काठीशिवायही सापडतात, पण वारसा म्हणून असावी.

कलम ३. विहिरीकाठची पाच गुंठ्यांची पट्टी धाकटा भाऊ प्लासिड याला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

खाडीपलीकडच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं प्रोपिलीन ऑक्साइड नावाचं रसायन बनवलं. प्रोपिलीन, क्लोरीन आणि पाणी एकत्र आणायचं, मग पातळ चुना घालून त्यातून हवा तो माल सोडवायचा. टनभर मालामागे चाळीस टन खारं पाणी निघे, म्हणजे जन्मभर मी मुख्यतः खारं पाणीच बनवलं. तळाशी उरलेला चुना फुकट मिळे. १९९२ साली त्याचं एक पोतं मी घरी आणलं. प्लासिडने विचारलं, "दादा, पानवेलींना चालंल ना हा?"

मी कारखान्यातला शहाणा. म्हणालो, "चुना तो चुना."

त्या चुन्यात खार मुरलेला होता, हे मला तरी कळायला हवं होतं. महिन्याभरात त्याचा सगळा पानमळा वाळला. वर मी चर्चच्या आवारात सांगत सुटलो, की प्लासिडने पाणी जास्त घातलं. अकरा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. चूक माझी होती. मला त्याची फार आठवण येते, आणि तो दोन घरं सोडून राहतो.

कलम ४. प्रल्हाद वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तरीही दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी प्लासिडसाठी रिकामी ठेवली आहे. पहिल्या साक्षीदार बर्थाबाई त्याला हा कागद वाचून दाखवतील. पट्टी हवी असेल तर त्याने घरीच बसावं. सही करायची असेल तर पट्टी जाईल, आणि माझ्या ओटीवर यावं लागेल. लबाडी आहे, मान्य. रविवारपर्यंत तो न आल्यास वकीलसाहेब सही करतील.

ठिकाण: भुईगाव. गुरुवार, ६ नोव्हेंबर २००३.
सही: थॉमस बस्त्याव तुस्कानो

साक्षीदार १: बर्था लोपिस, निवृत्त शिक्षिका

साक्षीदार २: प्लासिड बस्त्याव तुस्कानो, रविवार, सकाळी.
दादा, पट्टी नको. तू उत्तर देण्याआधीच मी पोतं उचललं होतं.