दम्याचा तक्ता

१ नोव्हेंबर, सकाळी ९
दमा सातवीपासून. एडीएचडी गेल्या मंगळवारपासून. म्हणजे तोही जुनाच असणार, नाव मंगळवारी कळलं. छातीच्या डॉक्टरबाईंचं म्हणणं, लक्ष टिकत नाही म्हणून पंप चुकतो, पंप चुकतो म्हणून दमा उसळतो. नवा पंप दिलाय. सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन. २९ला दाखवायचं.
संकल्प : एकही चुकवणार नाही. ड्रॉइंग टीचर आहे मी. तक्ता करतो.

२ नोव्हेंबर
तक्ता नजरेत भरला पाहिजे. हॉलची अख्खी भिंत घेतली. अक्षयाचं म्हणणं, आपल्या लग्नाचा फोटो का काढलास? तिला सिस्टिम कळत नाही. आप्पा पूर्णगडहून आलेत. मुलाला धीर द्यायचं सोडून म्हणाले, "मेल्या, पंप भिंतीला द्यायचाय की तुला?"

४ नोव्हेंबर
ऑइलपेंटचा दुसरा हात. कोपऱ्यात समुद्र, त्यात गलबत. शिडं झकास. पंप राहिला. पण पंपाच्याच कामामुळे राहिला, तेव्हा तो धरायचा नाही.

५ नोव्हेंबर
पेंटच्या वासाने छाती भरली. अक्षयाने स्कूटरवर घालून हॉस्पिटलात नेलं. नेब्युलायझर.
निष्कर्ष : योजना उत्तम. रंग चुकला.

१२ नोव्हेंबर
मोबाइलला अकरा अलार्म लावलेत. सगळे वाजतात. सगळे बंद करतो. बंद केला की काम झाल्यासारखंच वाटतं, हा मोठा फायदा.

१७ नोव्हेंबर
जवळ ठेवायचा तातडीचा पंप संपला. मेडिकलमध्ये निघालो. वाटेत नर्सरी लागली. पेरूची दोन कलमं आणली. पंप राहिला. पण झाडं म्हणजे ऑक्सिजन. दूरचा विचार.

२० नोव्हेंबर
शाळेत तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. बोलता येईना. वर्गाला वाटलं मी मूकाभिनय शिकवतोय. टाळ्या. शिपाई आत्माराम यांनी ओळखलं, अक्षयाला फोन केला. ती बँकेतून धावत आली. तिच्या पर्समध्ये तातडीचा एक पंप असतो म्हणे. सहा वर्षं. मला माहीत नव्हतं.
परतताना गाडी चालवता चालवता एका हाताने डोळे पुसत होती. धूळ फार आहे रस्त्याला.

२८ नोव्हेंबर
उद्या डॉक्टर. तक्ता कोरा. पंप अधूनमधून घेतलाच असणार, फक्त खुणा राहिल्या. एका बैठकीत सगळ्या केल्या. मधूनमधून पेन बदललं, खरं वाटावं म्हणून. सलग दोन तास लक्ष टिकलं! आजार हटतोय. भिंतीचा फोटो काढला.

२९ नोव्हेंबर
बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. गलबताची स्तुती केली. मग विचारलं, "नितेश, उद्याचा पंप आजच घेतलात?"
म्हटलं, ॲडव्हान्स.
"आणि एकतीस नोव्हेंबरचा?"
अक्षया खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंनी पंप मागितला, उलटा केला. त्याच्या पाठीवर बारीक आकडे असतात, किती पफ उरले ते सांगणारे. नवा असताना १२०. आत्ता ११६. म्हणजे महिन्यात एक दिवस.
ओरडल्या नाहीत. तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, "तक्ता नको, अलार्म नको. पंप टूथब्रशच्या शेजारी ठेवा. ब्रश रोज करता ना?"
अक्षया हसली. महिनाभरात पहिल्यांदा.
मला हे आधीच सुचलं होतं. बोललो नव्हतो, इतकंच.

३० नोव्हेंबर, सकाळी ७
पंप बेसिनवर, अगदी जागेवर.
ब्रश सापडत नाहीये.