परात कुठून आली

माय, पुस्तक अजून सापडलेलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की "कोन्तं पुस्तक?" असं तूच आता विचारशील. तेच गं, हे सगळं जग कुठून आलं ते नीट सांगणारं, आपल्या भाषेतलं, ऐकता ऐकता तुला कळेल असं. काल त्यासाठीच बीडला गेले होते. स्टँडजवळच्या दुकानात विचारलं, विश्वाच्या उत्पत्तीवर काही आहे का. दुकानदारानं भरतीचं जाडजूड गाईड पुढं केलं. "म्याडम, हे घ्या. त्याच्यावर चार प्रश्न हायेत ह्याच्यात, उत्तरासकट." उत्तरासकट! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. अलीकडं येत नाही.

युसूफ वडगावचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू खुरपणीहून येतेस, हातपाय धुतेस, चूल पेटवतेस. माझ्या वयाच्या पोरी आयांजवळ बसून भाकरी थापायला शिकतायत आणि मी शाळेच्या कपाटातलं पुस्तक घेऊन उंबऱ्यात, उजेडाला. मी पिठात हात घालायला गेले की तू हातावर चापट मारायचीस. "तू वाच. भाकर कुनालाबी येती." आत्याला ते बघवायचं नाही. "लगीन झाल्यावर नवऱ्याला काय पुस्तक वाढनार हाय का ही?" तू मान वर न करता म्हणालीस, "वाढंल की. त्याला पचलं म्हंजी झालं." तुला अक्षर येत नव्हतं, पण पुस्तकाची पारख तू तव्यावर करायचीस. सूर्यसुद्धा एक दिवस विझणार आहे, असं मी वाचलं तेव्हा तुझा हात तसाच हवेत राहिला आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली. ती तू कुणाला दिली नाहीस, स्वतःच खरडून खाल्लीस आणि म्हणालीस, "पुस्तक चांगलं हाय." तेव्हापासून आपलं तेच माप. भाकरी टम्म फुगली की पुस्तक दुसऱ्या दिवशी कपाटात परत.

शेजारणीला कुणी विचारलं, हे सगळं कुणी केलं, तर "देवानं" म्हणून ती मोकळी व्हायची. आपल्या घरात ती सोय नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते, आणि तुला त्याचा अभिमान होता. पण देव गेल्यावर ती जागा रिकामी राहिली, तिथं काय ठेवायचं ते आजोबांनी सांगितलं नव्हतं. म्हणून तर तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस. एका पुस्तकात आलं, की सुरुवातीला सगळं काही एवढ्याशा जागेत दाटून होतं, अतिशय गरम, आणि मग ते पसरत गेलं. तू पीठ मळत होतीस. गोळ्याकडं बघत म्हणालीस, "बरं, एवढंसं पीठ व्हतं म्हन. पन ते ठिवलं कशात व्हतं? पीठ हाय तर परात बी असंलच की. ती कुटून आली?" मी पानं चाळली. परातीबद्दल काही नव्हतं. म्हणाले, "पुढच्या पुस्तकात असंल." तू मान हलवलीस, जणू ते पुस्तक कुणीतरी टपालात टाकलंच आहे.

पुढं मी शिकले, केजच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. घरी आले की तुझा पहिला प्रश्न, "घावलं का?" अंबाजोगाईच्या दवाखान्यातही तू तेच विचारलंस. नाकात नळी होती, आवाज फुटत नव्हता, ओठांवरून कळलं. मी म्हणाले, घावंल माय, आणते. तू डोळे मिटलेस.

मी शोधत राहिले. जयंतीला लागणारी पुस्तकांची दुकानं, वाचनालयांची धूळ, जिथं बदली झाली तिथली कपाटं. एका पुस्तकात तिसऱ्याच पानावर निघालं, की हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं. ते तिथंच मिटलं. एक भाषांतर आणलं, तर त्यातलं वाक्य संपेपर्यंत मी सुरुवात विसरायची. विज्ञानाची बाई मी, मला ते दोनदा वाचावं लागलं, मग चुलीपुढं बसून ते कुणी ऐकावं? पुण्याहून लेक म्हणते, "मम्मी, मोबाईलवर बघ ना, दहा मिनिटांत कळतं." शेवटी तिनंच एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. फार चांगलं आहे, माय. डिक्शनरी घेऊन उन्हाळाभर वाचलं. परातीचा प्रश्न त्या माणसानं टाळलेला नाही. सगळं नीट समजावत तो तिथवर येतो आणि लिहितो, याच्या आधी काय होतं ते आम्हाला माहीत नाही. कदाचित 'आधी' असं काही नसेलही. वाईट पुस्तकांना सगळं माहीत होतं. चांगल्याला माहीत नव्हतं. मी पुस्तक मांडीवर ठेवून रडले. एवढंच होतं तर तुला तेव्हाच सांगता आलं असतं. तू ऐकलं असतंस, त्यावर आणखी काहीतरी विचारलं असतंस. तू काय विचारलं असतंस, तेही आता मला सुचत नाही.

वर्गात हा धडा मी दोन तासांत संपवते. पोरं विचारतात, "परीक्षेला येतंय का?" नाही म्हटलं की वह्या मिटतात. कशाला शिकवते मी हे, कुणासाठी, कळत नाही. खरं सांगते, आता शोधायचा कंटाळा आलाय. सापडलं तरी कुणापुढं वाचू? हे पत्रसुद्धा टाकलं असतं, तर तुला वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं.

काल त्या दुकानात ढिगाच्या तळातून एक मराठी पुस्तक निघालं होतं. ते घेतलं आणि नेकनूरवरून येणाऱ्या बसमध्ये पिशवी छातीशी धरून बसले. घरी आल्यावर गॅसवर तवा ठेवला. मला अजून भाकरी येत नाही, माय. तू शिकूच दिलं नाहीस. थापताना कडेला चिरते, उलटताना मोडते, पुस्तक कसंही असो, माझी भाकरी करपतेच. म्हणजे ते मापही तू सोबत घेऊन गेलीस. धूर झाला. बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "भाकर जळायली की! काय वाचायलीस एवढं?"

मी म्हणाले, "लई चांगलं पुस्तक हाय."

पुस्तक पिशवीतच होतं. अजून तिथंच आहे. आपल्या चुलीपुढचा वास तेवढा यावा म्हणून मी भाकरी काळी होईपर्यंत तव्यापुढं नुसती उभी होते.