गेसलेवच्या तळ्याकाठची वाटणी

मी आग्नेटे नोरुप, वय एक्क्याऐंशी, लोहार मॅड्स यांची मुलगी आणि दिवंगत एस्किल नोरुप यांची पत्नी, राहणार तळ्याकाठचे जुने लोहारघर, गेसलेव, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. हे मी स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांचा उल्लेख पुढे योग्य जागी येईल.

वकीलसाहेब म्हणाले, "थोडक्यात लिहा." ते शहरात राहतात. त्यांच्या लेखी घर म्हणजे क्षेत्रफळ. पण ज्याच्या हाती माझे घर जाणार, त्याला ते कुठल्या गावात उभे आहे हे ठाऊक असायला हवे. म्हणून लांबण लागली तर माझा इलाज नाही.

कलम पहिले. घर, लोहारशाळा आणि त्यामागची सफरचंदाची बाग.

ही मिळकत मला वडिलांकडून आली. त्या काळी गेसलेव म्हणजे मधोमध तळे, त्याभोवती शेतघरे, एक चर्च, एक खानावळ, एक दुकान आणि आमची भट्टी. वस्ती दोनशेच्या आसपास. त्यांतले निम्मे एकमेकांचे नातलग होते आणि उरलेले निम्मे एकमेकांशी बोलत नव्हते. गाड्यांच्या लाकडी चाकांवर तापलेल्या लोखंडी धावा चढवल्या की वडील ती चाके तळ्यात बुडवत. सगळ्या काठावर वाफ व्हायची आणि बदके शिव्या देत पळायची. पुढे गाड्या गेल्या, घोडे गेले आणि मी त्याच भट्टीशेजारी सायकली दुरुस्त करू लागले.

मग शहर आमच्याकडे चालत आले. आम्ही त्याला बोलावले नव्हते. राय धान्याची शेते विकली गेली आणि तिथे विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. बघता बघता गाव तिप्पट झाले. आम्ही नव्या लोकांना 'रांगवाले' म्हणायचो, ते आम्हाला 'तळेवाले' म्हणायचे. दोन्ही शब्द तोंड वाकडे करूनच उच्चारले जात. दुकानातसुद्धा दोन रांगा असायच्या, आणि दुकानदार बिचारा दोन्हीकडे बघून हसायचा.

रांगवाल्यांतून सगळ्यांत आधी माझ्या दारात आली ती रिग्मोर. शहरातून आलेली शिक्षिका, कडेवर बाळ, कपाळावर आठी.

"बाई, तुमचा हातोडा पहाटेच सुरू होतो. माझं बाळ झोपत नाही."

"इथं आणून ठेवा त्याला. मी याच आवाजात झोपत मोठी झाले."

"म्हणूनच तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलता वाटतं," असे म्हणून ती निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही एकमेकींशी फक्त हवामानाविषयी आणि अतिशय सभ्यपणे बोललो. आमच्या गावात याहून मोठे भांडण नसते.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या वसंतात दुकानाच्या दारावर पालिकेची नोटीस लागली. तळे बुजवून तिथे बस वळवायला जागा करणार होते. त्याआधीच आमची पंचायत शहरात विलीन झाली होती आणि नव्या नकाशावर आमचे नावही नव्हते, नुसता आकडा होता. तळेवाले खानावळीत बसून कुरकुरले. रांगवाले आपापल्या बैठकीच्या खोल्यांत कुरकुरले. दोन्ही कुरकुरी शहरापर्यंत पोचण्याइतक्या मोठ्या नव्हत्या.

एका संध्याकाळी रिग्मोर पुन्हा माझ्या दारात आली. या वेळी आठी नव्हती.

"तळं तुमचं आहे, मला माहितेय," ती म्हणाली. "पण माझा पोरगा हिवाळ्यात त्याच्या बर्फावर चालायला शिकलाय. नीट जमिनीवर चालायच्या आधी."

मी तिला आत बोलावले. स्नाप्सची, म्हणजे आमच्याकडच्या कडक दारूची, बाटली काढली. बाटली निम्मी होईपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो, आणि ती संपता संपता बेत ठरला होता. कल्पना माझी होती. टेबलक्लॉथ तिचे होते. रिग्मोर हे नेमके उलटे सांगते. तिचे कलम पुढे आहे.

ज्या सकाळी खडीचे ट्रक यायचे होते, त्या सकाळी तळ्याभोवतीच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबले मांडलेली होती. चर्चच्या सभागृहातली, खानावळीतली, रांगांतल्या स्वयंपाकघरांतली, आणि जिथे टेबल पुरले नाही तिथे माझ्या लोहारशाळेतल्या फळ्या. सगळ्यांवर पांढरे कापड, कपबशा, वेलदोड्याचे बन, लोण्यातली बिस्किटे, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा. तळेवाल्या आजीबाईंच्या शेजारी रांगवाल्यांची पोरे. कोणी घोषणा दिल्या नाहीत. सगळे आपले कॉफी पीत होते. मी मात्र सारखी रस्त्याकडे बघत होते, कारण ट्रकवाल्याने नुसता भोंगा वाजवला असता तरी निम्मे लोक शिस्तीने उठून बाजूला झाले असते. आम्ही तसेच लोक आहोत.

पहिल्या ट्रकमधून एक उंच, सडपातळ अभियंता उतरला. बगलेत नकाशाची गुंडाळी, कानांपर्यंत लाल झालेला.

"मला इथं काम करायचं आहे," तो म्हणाला.

"करा की," मी म्हटले. "आधी खा, मग आम्हाला बुजवा."

"बसा हो, कॉफी गार होतेय," रिग्मोर म्हणाली आणि तिने शाळेतल्या मुलाला बसवावे तसे खांद्यावर दाबून त्याला बसवले. ट्रकवाले न सांगताच बसले होते. त्यांतल्या एकाने हेरिंगचे ताट एकट्याने संपवले.

अभियंत्याने दोन बन खाल्ले आणि तो तळ्याकडे बघत राहिला. मग उठला आणि बुटासकट पाण्यात उतरला. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, वाकला, तळाशी हात घातला आणि बराच वेळ तसाच थांबला.

"इथं खालून पाणी येतंय," तो म्हणाला. "चांगला जोराचा झरा आहे. हे बुजवलं तर पाणी काही घरी बसणार नाही. उताराकडे जाईल."

"उताराला आम्ही राहतो," रिग्मोर म्हणाली. "आमची तळघरं आहेत तिथं."

"मग त्यांत मासे पाळा."

त्याने ट्रक परत पाठवले. साहेबांचा हुकूम नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर. मग आपल्याच कचेरीच्या विरोधात अहवाल लिहिला. तळे राहिले. त्याला मात्र रस्त्यांच्या कामावरून काढून दिव्यांच्या खांबांवर टाकले, आणि तिथून तो निवृत्त होईपर्यंत वर चढला तो फक्त खांबांवरच.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी तो सायकल ढकलत माझ्याकडे आला. चाक पंक्चर. मी ट्यूब पाण्यात धरली.

"हे खिळ्याचं भोक नाही," मी म्हटले. "टाचणीचं आहे."

"हो," तो म्हणाला. कान पुन्हा लाल.

"मग आता?"

"मग ठिगळ लावा. सावकाश लावा."

तोच एस्किल. आमचे लग्न तळ्याकाठी झाले, त्याच टेबलांवर. पुढे सदतीस वर्षे त्याने माझ्या घरातला एकही दिवा नीट दुरुस्त केला नाही. म्हणायचा, "दिवसभर तेच करतो गं." आम्हाला मूल झाले नाही. त्याचे दुःख आम्ही दोघांनी केले, आणि मग दारात सायकली घेऊन येणाऱ्या सगळ्या पोरांवर ओरडत बसलो.

एकोणीसशे नव्वदनंतर गाव पुन्हा रिकामे होऊ लागले. रांगवाल्यांची मुले मोठी होऊन गेली, खानावळ बंद पडली, शाळेत इतकी कमी मुले उरली की तीही बंद करायचे ठरत होते. तेव्हा बोस्नियातल्या युद्धातून पळून आलेली कुटुंबे त्या बंद खानावळीत ठेवली गेली. गावात कुजबुज झाली. सगळ्यात मोठ्याने कुजबुजणारे होते जुने रांगवाले. रिग्मोरने चर्चच्या सभागृहात उभे राहून त्यांना विचारले, "तुम्ही इथं कधीपासूनचे?" त्यानंतर कॉफी आली.

त्या कुटुंबांतली सेनादा आपल्या मुलीची सायकल घेऊन माझ्याकडे आली. तिला आमची भाषा येत नव्हती. मी काम करत असताना ती शेजारी उभी राहून जीभ टाळ्याला लावून 'च्च च्च' करत होती. शेवटी तिने माझ्या हातातून पाना काढून घेतला. सारायेव्होत तिच्या वडिलांचे गॅरेज होते, हे मला पुढे कळले. त्या दिवशी एवढेच कळले की बाई आगाऊ आहे आणि ब्रेक माझ्यापेक्षा बरे बसवते. दुसऱ्या दिवशी मी तिला ॲप्रन दिला. शाळाही वाचली, कारण त्या शरदात वर्गात मुले मावेनात.

सबब सदर घर, लोहारशाळा, ऐरण, भाता, सर्व हत्यारे आणि सफरचंदाची बाग माझ्या पश्चात सेनादा हाजिच हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावी. तिने पुढे विकायची ठरवल्यास तिला कोणी अडवू नये. ती विकणार नाही, हे मला माहीत आहे. तिने गेल्याच वर्षी छप्पर शाकारले आणि बिल दिले नाही, यावरून आम्ही आठवडाभर भांडलो.

कलम दुसरे. भाचे टोर्बेन यांच्याविषयी.

एस्किलच्या बहिणीचा मुलगा टोर्बेन स्वभावाने वाईट नाही. फक्त घाईत असतो. मागल्या उन्हाळ्यात तो एका बिल्डरला घेऊन आला. मी बागेत डुलकी घेत होते. डोळे उघडले तर माझ्या पायांवरून मोजपट्टी चाललेली.

"मामी, नुसतं मोजतोय."

"माझ्यासकट मोजतोयस की मला वजा करून?"

बिचाऱ्याने बसून केक खाल्ला आणि दिलगिरी व्यक्त केली. त्याला एस्किलच्या मासेमारीच्या सगळ्या काठ्या, होडी आणि बँकेतली शिल्लक मिळावी. होडीत बसून काही काळ कशाचेही माप न घेता राहावे, अशी माझी विनंती आहे. ती कायद्याने बंधनकारक नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

कलम तिसरे. रिग्मोर.

तांब्याची मोठी कॉफीची किटली रिग्मोरला मिळावी. टेबलांच्या त्या सकाळची कल्पना तिचीच होती, असे सांगायला आता ती मोकळी आहे. पण मला वाईट वाटते ते याचे, की मी गेल्यावर तिला 'खोटं बोलू नकोस' म्हणणारे कोणी उरणार नाही, आणि तिला त्याची सवय झाली आहे. म्हणून सेनादाने दर रविवारी तिच्याकडे जावे, तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, आणि मग ठामपणे म्हणावे की कल्पना आग्नेटेची होती.

कलम चौथे. गावाची पाटी.

नकाशावरून नाव गेल्यावर मी लोखंडी पाटी घडवून रस्त्याच्या तोंडाशी रोवली. पालिकेने ती दोनदा काढली. दिव्यांच्या खांबांचा साहेब माझ्याच घरात जेवत असल्याने ती दोन्ही वेळा परत आली. ही पाटी कोणा एकाची नाही. वसंतात जो सगळ्यांत नवा रहिवासी असेल त्याने ती रंगवावी. रंग लोहारशाळेत आहे.

कलम पाचवे. माझे शेवटचे.

मला एस्किलशेजारी पुरावे. पाद्रीबाईंनी मी शांत स्वभावाची होते असे म्हणू नये, लोक हसतील. नंतर तळ्याकाठी टेबले मांडावीत. पाऊस असला तरी मांडावीत.

आता साक्षीदारांबद्दल. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, असा नियम आहे. मी साक्षीदार शोधायला बसले तेव्हा लक्षात आले की शेजाऱ्यांपैकी कोणीच चालत नाही. वर लिहिले नाही, पण उजवीकडच्यांना सफरचंदांचे पिंप, डावीकडच्यांना शिडी, शाळेला सगळ्या लहान सायकली आणि चर्चला माझी चांगली सतरंजी दिली आहे. त्यांची यादी सोबत जोडली आहे. शेवटी आज दुपारी रांगांतल्या शेवटच्या घरासमोर सामानाचा टेम्पो दिसला. मी काठी टेकत गेले.

"सही करायला याल का?"

"कशावर?" नवरा खोकी खाली ठेवत म्हणाला. "आजी, आम्ही आत्ताच आलोय. आम्ही इथं कोणालाच ओळखत नाही."

"म्हणून तर तुम्हीच हवे आहात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बायको म्हणाली, "पण वाचून मगच सही करू." मला ती तिथेच आवडली. दोघे आता माझ्या स्वयंपाकघरात बसून हे शेवटपर्यंत वाचत आहेत. नवरा दोनदा हसला आहे. बायकोने एकदा डोळे पुसले आणि विचारले, "हे टेबलं मांडायचं नेहमी असतं का इथं? आमच्याकडे एक मोठं आहे."

वरील सर्व मी स्वतः लिहिले असून, खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे.

सही: आग्नेटे नोरुप

साक्षीदार: योआकिम स्टेंडरुप, रहिवासी गेसलेव
साक्षीदार: फ्रेया स्टेंडरुप, रहिवासी गेसलेव

(दोघांनीही 'पूर्वीचा पत्ता' लिहायला घेतला होता. मी खोडायला लावला.)

गेसलेव, ११ मे २०१९