तालमीवरच्या खोलीची दोन दारं

४ ऑगस्ट
कोल्हापुरात आले एकदाची! गडहिंग्लजची एसटी हाडं खिळखिळी करते, पण आज त्याचंही काही वाटलं नाही. सामाजिक मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी जागाही मिळाली, पेठेतल्या तालमीच्या माडीवरची खोली. वस्ताद गणपतरावांनी चहा पाजल्याशिवाय कामाचं बोलूच दिलं नाही.

११ ऑगस्ट
खोलीला दोन दारं आहेत, एक जिन्याकडे, एक गच्चीकडे. पेठेतली माणसं एका पाहुण्याबरोबर बसून ठासून सांगणार, दार एकच आहे. पाहुणा स्वतःच्या डोळ्यांचं ऐकतो की चारचौघांचं, हे मला बघायचंय. गणपतराव म्हणाले, "पेठेनं शब्द दिला की माघार न्हाय, मुबशिरा." अशी माणसं मिळायला नशीब लागतं!

१८ ऑगस्ट
पहिला पाहुणा वर्गातला पृथ्वीराज. बराच वेळ वाद घातला, शेवटी म्हणाला, एकच. प्रयोगानंतर पाहुण्याला खरं सांगायचं असतं. तो बाहेर बडबडेल म्हणून मी ते लांबवलं. दुसऱ्या फेरीत एकही दार नाही म्हणायचं, हेही पेठेला सांगून ठेवलं.

२१ ऑगस्ट
पृथ्वीराजला वर नेऊन गच्चीचं दार दाखवलं. दिसेना. थट्टा करतोय समजून मी चिडले, त्याचा हात कडीवर ठेवला. भिंत गार आहे, म्हणाला. मी त्याला तसाच खाली आणला.

२२ ऑगस्ट
गणपतरावांना हात जोडले. प्रयोग संपला, आता खरं सांगा. ते मायेनं म्हणाले, शब्द दिलाय की.

२४ ऑगस्ट
गच्चीचं दार मलाही— हाताला नुसता चुना लागतो. भीती वाटते. अब्बांना न्यायला बोलावलंय.

२५ ऑगस्ट, दुपार
प्रयोग टिपायला लावलेला कॅमेरा घ्यायला वर आले. मागोमाग पेठ आली, गोल करून बसली. दुसरी फेरी. मी ओरडले, पाहुणी मी नाही, प्रयोग माझा आहे! एकेकजण शांतपणे म्हणाला, खोलीला दार न्हाय. पृथ्वीराजसुद्धा.

मग ते गेले. कुठून गेले— मी बघत होते, तरी—

चारी बाजूंना भिंत.

खाली अब्बांचा आवाज! हाका मारतेय. गणपतराव त्यांना सांगतायत, तालमीवर माडीच न्हाय.

अब्बा भांडतायत. वर बोट दाखवत असतील. अब्बा, सोडू नका, अब्बा—

बाकीचेही बोलतायत. एकेक करून.

 आता अब्बा म्हणतायत, बरोबर आहे तुमचं, माडी नाहीच, मग माझी मुलगी कुठे—